कवडी पडली, आता तू काय करतेस?

(भनपुरी, रायपूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



राजी नावाची एक मुलगी आहे. सर्कशीत कसरती करते. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर चालून येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते आणि ती एकटी भावाच्या शोधात निघते. ही गोष्ट कुठल्या पोथीतली नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 2020 साली काढलेल्या 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' या व्हिडिओ गेमची ती गोष्ट आहे. 2017 मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी जमवायचा प्रयत्न केला होता, तो फसला. त्यांनी काम सोडलं नाही. खेळ बाहेर आला त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळासाठी जी पाच नावं निवडली गेली, त्यांत राजी होती. मारुती, दुर्गा, महिषासुर ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना तोवर पडद्यावर भेटत होते ते बहुतेक युरोपातले ड्रॅगन. म्हणून मला या खेळाचं मोल फार वाटतं.

आज मला सांगायचं आहे ते या राजीला पडद्यावरून उचलून जेवणाच्या टेबलावर कसं आणलं, त्याबद्दल.

पटावरचा भूमिका-खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, 'किल्ल्याचं दार बंद आहे, आतून रडण्याचा आवाज येतोय.' बाकीचे एकेका पात्राच्या वतीने सांगतात, 'मी भिंत चढतो', 'मी दार वाजवते'. जमलं की नाही ते फासा ठरवतो. बस, एवढंच. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, त्याच्या पहिल्या छपाईच्या हजारच प्रती होत्या. संगणकावरचे अद्भुत खेळ त्याच्यावरूनच शिकले, ताकदीचे आकडे, पायरीपायरीने वाढणारी पात्रं, सगळं तिथलंच. म्हणजे पडद्यावरचं जग पटावर आणणं ही एका अर्थी माहेरची वाट आहे. एका घराचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. माइक पाँडस्मिथ यांनी 1988 साली 'सायबरपंक' हा पटावरचा खेळ काढला, त्याचा पुढे 2020 मध्ये व्हिडिओ गेम झाला. आणि त्यांच्याच मुलाने, कोडी पाँडस्मिथने, 'द विचर' या गाजलेल्या व्हिडिओ गेमच्या जगाचा 2018 मध्ये पटावरचा खेळ केला. बाप ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मुलगा परत आला.

मी पहिल्यांदा राजी पटावर आणायला बसलो तेव्हा चूक केली, ती आधी सांगतो. मी खेळ पुन्हा खेळलो, वही घेऊन. प्रत्येक असुराला किती वार लागतात, धनुष्य कुठे मिळतं, चक्र कुठे, ढाल-तलवार कुठे, कोणत्या वाड्यातून कोणत्या वाड्यात जाता येतं. चाळीस पानं भरली. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या बहिणीच्या मुलांना आणि शेजारच्या दोघांना घेऊन बसलो. अर्ध्या तासात मुलं पंख्याकडे बघायला लागली. मी आकडे वाचत होतो, ती फासे टाकत होती, मी पुन्हा आकडे वाचत होतो. धाकटा भाचा म्हणाला, 'मामा, हे तर कम्प्युटरवर जल्दी होतं ना.' त्याचं बरोबर होतं. जे काम यंत्र क्षणात करतं ते मी माणसाकडून सावकाश करवून घेत होतो.

अडलं कुठे, ते मला पंडवानीने शिकवलं. तुम्ही छत्तीसगडात राहता, महाभारत गाऊन सांगणारी पंडवानी काय ते मी सांगायला नको. पण तिच्या दोन शाखा आज या विषयासाठी आठवा. वेदमती आणि कापालिक. वेदमती गायक बसून गातो आणि सबलसिंह चौहानांच्या महाभारताला धरून चालतो. झाडूराम देवांगन त्या वाटेचे. कापालिक गायक कथा कपाळात, म्हणजे स्मरणात, बाळगतो आणि उभा राहून ती त्या रात्री, त्या श्रोत्यांपुढे नव्याने घडवतो. पद्मविभूषण तीजनबाई या वाटेच्या. त्यांच्या हातातला तंबुरा एका क्षणी भीमाची गदा होतो, दुसऱ्या क्षणी अर्जुनाचं धनुष्य. आणि शेजारी बसलेला रागी हुंकार भरतो, मध्येच विचारतो, मग काय झालं? त्याच्या प्रश्नावर कथा वळण घेते.

व्हिडिओ गेम कितीही सुंदर असला तरी तो वेदमती आहे. जे लिहून ठेवलं तेच त्याला येतं. पटावरचा खेळ कापालिक आहे, आणि त्यात टेबलाभोवतीचे सगळेच रागी असतात. मी कापालिक मंचावर बसून पोथी वाचत होतो.

मग वही मिटली आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला. राजीच्या जगात सगळ्यात महत्त्वाचं काय आहे? त्रिशूळ नाही. किल्ले नाहीत. तिथे एक बहीण भावासाठी निघाली आहे, आणि दोन दैवतं, दुर्गा आणि विष्णू, वरून तिच्याकडे बघत आपसांत बोलताहेत, हिला जमेल का, हिलाच का निवडलं. त्या खेळाचं निवेदन या दोघांच्या संवादातून चालतं. पटावर आणायचं ते हे.

आणायचं म्हणजे नियमात आणायचं. सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांचं उदाहरण इथे देतो. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. राजा आणि प्रधान वगळता पाच रंगांत दहाचं पान मोठं. उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत हलकी. आणि खेळ दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा. राम भर दुपारचा, कृष्ण मध्यरात्रीचा. बघा, तिथे कोणी गोष्ट सांगत नाही, तरी प्रत्येक डावाआधी खेळणारा खिडकीबाहेर ऊन आहे का ते बघतो आणि अवतारकथा आपोआप त्याच्या हातात येते. ही पानं सावंतवाडीच्या भोसले घराण्याने, विशेषतः राणी सत्त्वशीलादेवींनी, जगवली. अद्भुत जगाला नियमात कसं ओतायचं, याचा याहून चांगला धडा मला परदेशी पुस्तकांत मिळाला नाही. अर्थात तिथेही चांगली कामं आहेत. 'ड्रॅगन एज' या व्हिडिओ गेमचा पटावरचा खेळ ग्रीन रोनिन या प्रकाशनाने 2010 मध्ये काढला. त्यात तीन फासे एकदम टाकायचे, त्यांतला एक वेगळ्या रंगाचा. कोणतेही दोन फासे सारखे पडले आणि वार लागला, तर वेगळ्या रंगाच्या फाशावर जितके ठिपके तितकी करामत करायची मुभा. 216 पैकी 96 वेळा असं दान पडतं, म्हणजे दर चार-पाच फेकींत दोनदा काहीतरी थरारक घडू शकतं. पडद्यावरच्या लढाईची ती धग नियमात उतरली आहे.

मी फाशांऐवजी कवड्या घेतल्या. आईच्या सारीपाटातल्या सहा. वीस बाजूंच्या फाशावर एक आणि वीस पडायची शक्यता सारखीच असते, नशीब अगदी बेछूट. सहा कवड्यांचं तसं नाही. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडायची शक्यता सारखीच धरली तर 64 दानांपैकी 20 वेळा तीन उताण्या पडतात, सगळ्याच्या सगळ्या उताण्या फक्त एकदा. म्हणजे माणूस बहुधा मध्यम कामगिरी करतो आणि चमत्कार क्वचित होतो. एका लहान मुलीच्या गोष्टीला हे शोभतं.

आणि प्रत्येकाच्या मनगटाला राखीचा दोरा बांधला. त्याला पाच गाठी. ताकदीचे आकडे सगळे काढून टाकले. आकडे काढले ते या दोऱ्यासाठी. दान वाईट पडलं आणि पुन्हा टाकायचं असेल तर एक गाठ सोडायची, आणि सोडताना हरवलेल्या भावाची किंवा बहिणीची एक आठवण मोठ्याने सांगायची. गाठी संपल्या की ते पात्र वाट विसरतं आणि मागे फिरतं. मरत कोणी नाही. पडद्यावर राजी एकटी आहे. पटावर चौघांना जागा हवी. म्हणून प्रत्येकाचं कोणी ना कोणी असुरांनी नेलेलं आहे असं मी ठरवलं. एक कुंभाराचा मुलगा, एक नावाड्याची मुलगी, असे. शिवाय ज्याची पाळी नसेल त्याने दुर्गा किंवा विष्णू म्हणून बोलायचं. दुर्गेकडे मागितलं तर एक कवडी लगेच उताणी करून मिळते, पण मग लढाईतून मागे फिरता येत नाही. विष्णूकडे मागितलं तर दोन मिळतात, पण एक पाळी थांबावं लागतं.

आता मला जे दिसलं ते सांगतो. पडद्यावरच्या खेळात जागोजागी भिंतीवर चित्रं आहेत. राजी त्यांच्यासमोर उभी राहिली की निवेदक पुराणकथा सांगतो. पटावर मी सांगितलंच नाही. मी विचारलं, 'भिंतीवर काय दिसतंय?' बारा वर्षांची भाची म्हणाली, 'कौसल्या. माहेरी आली आहे, कडेवर राम आहे, आणि मामा त्याच्या पाया पडतोय.' रायपूरजवळचं चंदखुरी कौसल्येचं माहेर मानतात, आणि राम इथला भाचा म्हणून छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुण्यात घडलेल्या त्या जगाच्या भिंतीवर त्या दिवशी दक्षिण कोसल, म्हणजे आपलं छत्तीसगड, उमटलं.

त्याच संध्याकाळी, शेवटच्या दाराशी, पहारेकरी असुर उभा होता. भाचीच्या दोऱ्याला एकच गाठ उरली होती. शेजारचा मुलगा ओरडत होता, 'त्रिशूळ फेक, त्रिशूळ फेक.' तिने कवड्या मुठीत घेतल्या, हलवल्या आणि तशाच धरून ठेवल्या. मग त्या परत पटावर ठेवल्या आणि असुराला म्हणाली, 'तुला पण बहीण असेल ना?'

पडद्यावर या प्रश्नाचं बटण नाही. कोणत्याही कंपनीला ते ठेवता येणार नाही, कारण असे प्रश्न किती असतील याला अंत नाही. माझ्याकडेही उत्तर लिहिलेलं नव्हतं. टेबलाभोवती सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, 'होती.' पुढचा दीड तास त्या असुराच्या बहिणीचं काय झालं यात गेला. गोलू त्या दिवशी सापडला नाही आणि कोणी तक्रारही केली नाही.

मी हे काम करायला सांगतो ते या क्षणासाठी. पडद्यावरचं जग तयार करणाऱ्याचं असतं; आपण त्यात पाहुणे असतो. पटावर आलं की ते जग टेबलाभोवतीच्यांचं होतं, आणि मूल असुराचीही चौकशी करायला लागतं.

काही गोष्टी येत नाहीत, हेही मान्य करतो. राजी भिंतीवरून धावते, खांबाभोवती फिरून वार करते. बोटांना लागणारी ती लय शब्दांत येत नाही, आणि आणायचा हट्ट धरला तर खेळ रेंगाळतो. ती मी सोडून दिली. पडद्यावरच्या खेळात कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवले आहेत. ते मात्र घेता आले, पुठ्ठ्याचे आकार, भिंतीवर चादर, मागे टॉर्च. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांनी हेच करत आले आहेत, पुठ्ठा ही आपली सोय.

तरुणांपैकी कोणाला असं काही छापून विकायचं असेल तर मूळ खेळाच्या मालकांची रीतसर परवानगी घ्या. 'विचर' आणि 'ड्रॅगन एज' दोन्ही परवानगीनेच झाले. घरी खेळायला कोणाची हरकत नाही.

आता भाषेबद्दल. रायपुरात राहून माधवराव सप्र्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. मराठी घरात जन्मलेल्या त्या माणसाने इथल्या लोकांसाठी इथल्या भाषेत ते काम केलं. आपली मुलं घरी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगडी बोलतात, एका वाक्यात तिन्ही आणतात. पटावरच्या खेळात त्यांना कोणी टोकत नाही. असुराशी ज्या भाषेत बोलता येईल त्या भाषेत ती बोलतात. आजी-आजोबांनी अशा खेळात दुर्गा किंवा विष्णू व्हावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. तुम्हाला नियम यायची गरज नाही. तुम्हाला कथा येतात.

सभागृहाच्या मागच्या टेबलावर सहा कवड्या आणि राखीचे चार दोरे ठेवले आहेत. चौघांची जागा आहे, आणि मी साडेनऊपर्यंत इथेच आहे.