विश्वासाच्या गडाची राखण



२३ एप्रिल २०१३ रोजी तेथील दुपारी ‘असोसिएटेड प्रेस’ या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या ट्विटर खात्यावर एक वार्ता झळकली. व्हाईट हाऊसमध्ये दोन स्फोट झाले असून राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा जखमी झाले आहेत, अशी ती वार्ता होती. ती धादांत खोटी होती. परंतु खुलासा होईपर्यंतच्या अवघ्या काही मिनिटांत न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक सुमारे १४० अंशांनी कोसळला आणि मग सावरला. हीच वार्ता एखाद्या अनामिकाने दिली असती, तर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. वृत्तसंस्थेने वर्षानुवर्षे मिळविलेली विश्वासार्हता क्षणभर परक्याच्या हाती गेली, म्हणून जग हादरले.

समाजमाध्यमांवरील खात्याच्या सुरक्षेचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा. ‘सामान्य माणसाच्या खात्यात चोरण्यासारखे असते तरी काय?’ असा प्रश्न अनेकजण विचारतात. चोराला त्या खात्यातील छायाचित्रांशी कर्तव्य नसते. त्याला हवे असते ते नाव. ‘अडचणीत आहे, तातडीने दहा हजार रुपये पाठवावेत,’ हा निरोप अनोळखी माणसाकडून आला तर कोणी एक रुपयाही देणार नाही. परंतु तोच निरोप निवृत्त शिक्षकाच्या खात्यावरून आला, तर त्यांचे विद्यार्थी विचार न करता पैसे पाठवितात. खाते गुरुजींचे जाते, भुर्दंड विद्यार्थ्यांना पडतो. म्हणूनच खाते ही केवळ खासगी मालमत्ता राहत नाही. ती इतरांनी विश्वासाने ठेवलेली ठेव असते.

हे खाते चोराच्या हाती जाते कसे? चोर म्हणजे संगणकाचे कुलूप तोडणारा कोणी अलौकिक बुद्धीचा माणूस, अशी समजूत आहे. वस्तुस्थिती पुष्कळशी वेगळी आहे. बहुतेक वेळा कुलूप तुटत नाही. मालकच भुलून किल्ली देतो. ‘असोसिएटेड प्रेस’चे खाते जाण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना फसवे ई-मेल आले होते. जुलै २०२० मध्ये ट्विटरच्या, म्हणजे आजच्या ‘एक्स’च्या, कर्मचाऱ्यांना दूरध्वनीवरून फसवून १३० खात्यांना लक्ष्य करण्यात आले. त्यांत ओबामा, जो बायडेन, बिल गेट्स यांची खाती होती, आणि या कटाचा सूत्रधार फ्लोरिडातील सतरा वर्षांचा मुलगा निघाला. १२ डिसेंबर २०२१ च्या पहाटे भारताच्या पंतप्रधानांचे ट्विटर खातेही काही काळ परक्याच्या ताब्यात गेले आणि भारताने बिटकॉईनला अधिकृत चलन मानल्याची खोटी घोषणा त्यावरून झाली. थोरामोठ्यांची ही कथा, तर इतरांनी गाफील राहून कसे चालेल?

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा घरच्या तान्हुल्यासाठी ही गवळण पहारा नसलेल्या कड्यावरून उतरून गेली. महाराजांनी तिच्या धैर्याचा गौरव तर केलाच, शिवाय त्या जागी बुरूज बांधून घेतला, असे सांगतात. महादरवाजा भक्कम आहे म्हणून ते निश्चिंत राहिले नाहीत; जिथून माणूस उतरू शकतो, तिथून शत्रू चढूही शकतो, हे त्यांनी ओळखले. आपल्या खात्याचे असे कडे कोणते, हे प्रत्येकाने तपासले पाहिजे.

पहिला कडा म्हणजे अनेक ठिकाणी वापरलेला एकच पासवर्ड. २०१२ मध्ये लिंक्डइन या संकेतस्थळावरून कोट्यवधी पासवर्ड चोरीस गेले. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, फेसबुकचे संस्थापक मार्क झुकेरबर्ग यांची ट्विटर व पिंटरेस्टवरील खाती परक्यांच्या हाती गेली, तेव्हा त्यामागे हाच जुना साठा असल्याचे सांगण्यात आले. एका घराची किल्ली हरवली आणि सर्व घरे उघडी पडली, असा हा प्रकार. म्हणून प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा असावा आणि लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले, तर लक्षात ठेवण्यास सोपा आणि ताडण्यास कठीण पासवर्ड तयार होतो. मुलांची नावे, जन्मतारखा, कुलदैवत यांचा वापर टाळावा. इतके पासवर्ड लक्षात राहत नसतील, तर पासवर्ड सांभाळणारे विश्वसनीय ॲप वापरावे. तेही जमत नसेल, तर घरातील कुलूपबंद कपाटातल्या वहीत लिहून ठेवणे हे सर्वत्र एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा खचितच बरे.

दुसरा कडा म्हणजे ई-मेल. ‘पासवर्ड विसरलात?’ या शब्दांवर बोट ठेवले की नवा पासवर्ड ठरविण्याचा दुवा सामान्यतः ई-मेलवर येतो. ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती बाकीची सर्व खाती. म्हणून सर्वांत कडक पहारा तेथे बसवावा.

तिसरा कडा मोबाईल क्रमांकाचा. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांचा क्रमांकच चोरांनी आपल्या ताब्यात घेतला आणि त्यावरून त्यांच्या खात्यावर अश्लाघ्य मजकूर टाकला. मोबाईलची सेवा अकारण एकाएकी बंद पडली, तर कंपनीकडे तत्काळ चौकशी करावी. तो सिमकार्ड दुसऱ्याने घेतल्याचा इशारा असू शकतो.

या सर्वांवरील उपाय म्हणजे दुहेरी पडताळणी. पासवर्ड चोरीला गेला, तरी दुसऱ्या खुणेवाचून दार उघडत नाही. ही खूण एसएमएसने मागविण्याऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घेणे अधिक सुरक्षित. जेथे पासकीची सोय आहे, तेथे ती त्याहूनही भक्कम, कारण बनावट संकेतस्थळावर ती चालतच नाही. व्हॉट्सॲपवरही सहा अंकी पिन ठरविण्याची सोय आहे, ती वापरावी. मोबाईल हरवल्यास उपयोगी पडणारे राखीव संकेतांक कागदावर उतरवून ठेवावेत. आणि एक नियम घरातील प्रत्येकाने पाळावा: आलेला ओटीपी कोणालाही, कोणत्याही कारणास्तव सांगू नये. ‘चुकून तुमच्याकडे आला आहे, पाठवून द्या,’ असे म्हणणारा निकटचा मित्र असला, तरी आधी त्याला दूरध्वनी करून त्याचा आवाज ऐकावा. ‘चोवीस तासांत खाते बंद होईल’ अशी घाई करणाऱ्या संदेशातील दुव्यावर बोट ठेवू नये. घाई हेच फसवणाऱ्याचे मुख्य शस्त्र आहे.

संस्था, मंडळे आणि ग्रंथालये यांनी आणखी एक पथ्य पाळावे. एकच पासवर्ड दहा कार्यकर्त्यांत वाटला, की जबाबदारी कोणाचीच उरत नाही. पृष्ठाचे दोन-तीन व्यवस्थापक नेमावेत, प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून काम करावे, आणि कामातून मुक्त झालेल्याचा अधिकार त्याच दिवशी काढावा.

एवढे करूनही खाते गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. प्रथम ई-मेल सुरक्षित करावा, खाते ज्या कंपनीचे आहे तिच्या अधिकृत मार्गानेच ते परत मागावे, अनोळखी उपकरणांवरील प्रवेश बंद करावा, आणि परिचितांना दूरध्वनीवरून सावध करावे. ‘पैसे द्या, खाते परत मिळवून देतो,’ असे सांगणारे बहुधा दुसरे चोर असतात. पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे; रक्कम पुढे जाण्याआधी थोपविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-सी अन्वये दुसऱ्याची ओळख व पासवर्ड चोरणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा आहे, परंतु तक्रारीवाचून तो हालचाल करू शकत नाही.

येत्या रविवारी प्रत्येक घरातील तरुणाने अर्धा तास काढावा, आजी-आजोबांच्या शेजारी बसावे आणि त्यांच्या मोबाईलवर दुहेरी पडताळणी सुरू करून द्यावी. ते करताना आपण काय करतो आहोत, हे त्यांना समजावूनही सांगावे. त्यांनी आयुष्यभर जोडलेली माणसे त्यांच्या नावावर विश्वास ठेवतात. त्या नावाची राखण करणे हे पुढच्या पिढीचे कर्तव्य आहे.