स्वमग्न बालकें व आमच्या गायनमंडळीची गिटार

(ज्युबिलीच्या समारंभांत सायखेडा येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं गायनमंडळीच्या वतीनें चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. वेदीच्या बाजूस ठेवलेली गिटार आपण सर्वांनीं पाहिलीच असेल. ती नवी नाहीं. तिच्यावरील रंग मात्र नवा आहे. हा रंग कां दिला, आणि तो देतांना आम्ही कोठें चुकलों, हें सांगणें हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयींचा आदेश प्रसिद्ध केला. त्यानंतर मिस्सेंत लोकभाषेस मोकळी वाट मिळाली, आणि ऑर्गनखेरीज इतर योग्य वाद्यांसहि जागा झाली. त्याच वाटेनें गिटार खेड्यापाड्यांतील ख्रिस्तमंडळींत येऊन पोहोंचली. ज्युबिली वर्षांत आपलें हें वाद्य असें रंगवावें, कीं पाहणाऱ्यास स्वमग्न मुलांची आठवण व्हावी, असें आमच्या तरुणांच्या मनांत आलें. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें डिसेंबर २००७ मध्यें ठराव करून २ एप्रिल हा दिवस स्वमग्नतेविषयींच्या जागृतीसाठीं नेमला आहे, आणि २००८ पासून तो पाळला जातो. त्याच दिवशीं गिटार प्रथम वाजवावी असें ठरलें.

स्वमग्नता म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण आमच्यापैकीं पुष्कळांस तें ठाऊक नव्हतें. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें डॉक्टर लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं ११ मुलांचें वर्णन करून हा विषय वैद्यांपुढें मांडला. पुढें कित्येक वर्षें याचा दोष मातांच्या माथीं मारण्यांत आला. आईची माया थंड पडल्यामुळें मूल असें होतें, असें विद्वान् म्हणविणारेहि लिहीत. तें मत आतां साफ खोटें ठरलें आहे. लस टोंचल्यामुळें असें होतें, असें सुचविणारा १९९८ सालचा लेखहि, ज्या नियतकालिकानें छापिला त्यानेंच २०१० मध्यें मागें घेतला. हा कोणाच्या पापाचा दंड नव्हे, कीं कोणाची करणी नव्हे. मेंदूच्या घडणींतलाच हा भेद आहे. कोणी मूल बोलत नाहीं, तर कोणी एकाच विषयावर तासभर बोलतें. कोणास घंटेचा नाद सुईसारखा टोंचतो. कोणास रोजचा क्रम मोडला म्हणजे जीव नकोसा होतो. आपल्या देशांत १९९५ च्या अपंगांविषयींच्या कायद्यांत या मुलांचें नांवहि नव्हतें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत तें आलें, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें त्यांस पुरतें स्थान दिलें.

आतां आमच्या चुका सांगतों.

गिटारीच्या दर्शनी फळीवर जाड निळा रंग द्यावा, आणि मध्यें कोड्याचा एक तुकडा काढावा, असा आमचा पहिला आराखडा होता. वाद्यें दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिरास तो दाखविला, तेव्हां त्यानें मान हालविली. दर्शनी फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. तारांचें कंपन घोडीवाटे तिच्यांत उतरतें, आणि ती थरथरते म्हणून नाद निघतो. तिच्यावर रंगाचे थर चढविले, कीं ती जड होते व आवाज कोंदतो. “मिरजेचा तंबोरा पाहा,” तो म्हणाला, “नक्षीचा थाट मुख्यतः कडेनें, मानेवर आणि भोपळ्यावर, तबली हलकीच ठेवायची.” चित्रासाठीं नादाचा बळी देऊं नये, हा पहिला धडा आम्हांस मिळाला.

दुसरा धडा याहून कठीण होता. आपल्या मंडळींत असा एक अकरा वर्षांचा मुलगा आहे. त्याचें नांव आम्ही येथें घेत नाहीं. त्याच्या आईस आराखडा दाखवावा, म्हणजे तिला आनंद होईल, अशा समजुतीनें आम्ही तिच्या घरीं गेलों. तिनें कागद बराच वेळ पाहिला आणि विचारिलें, “हा तुकडा कशाचा? माझ्या लेकरांत कांहीं कमी आहे, असें सांगायचें आहे का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मागाहून शोध केला, तेव्हां कळलें कीं लंडन येथील पालकांच्या एका संस्थेनें १९६३ सालीं हें चिन्ह घेतलें, त्यांत एक रडणारें मूलहि होतें; आणि आज वयांत आलेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींस तें आवडत नाहीं. त्यांतील पुष्कळजण सप्तरंगी अनंतचिन्ह पसंत करितात.

ती माउली पुढें म्हणाली, “गिटार रंगवा, पण आम्ही मिस्सेला कां येत नाहीं, हें कोणी विचारिलें नाहीं.” दोन वर्षांपूर्वीं उपदेशाच्या वेळीं तो मुलगा कान झांकून ओरडूं लागला असतां, त्याला बाहेर न्या, असें तिला सांगण्यांत आलें होतें. हे शब्द गायनमंडळीच्या बाकावरूनच गेले होते, हें आज ज्युबिलीच्या दिवशीं कबूल केलें पाहिजे.

बंधुभगिनींनो, यरीहोच्या वाटेवरील आंधळा आपणांस आठवत असेल. त्याला काय हवें तें कोणासहि दिसत होतें. तरी प्रभूनें त्याची इच्छा प्रथम त्यालाच विचारिली. आणि बहिऱ्या मनुष्यास बरें करितांना प्रभूनें त्याला गर्दींतून बाजूस नेलें. आम्हीं विचारिलेंहि नव्हतें, आणि गर्दी तर आम्हीच होतों.

तेव्हां आम्हीं आराखडा फाडला. रंगांचे नमुने लाविलेले लांकडाचे लहान तुकडे त्या मुलापुढें ठेविले व गप्प बसलों. त्यानें ते एका रांगेंत लाविले, मोडले, पुन्हां त्याच क्रमानें लाविले: गडद निळा, हिरवा, पिवळा, आणि शेवटीं कांद्याच्या सालीसारखा तांबूस. येवल्याच्या पैठणीचा धूपछांव पोत जसा एका बाजूनें एक व दुसऱ्या बाजूनें दुसरा रंग दाखवितो, तशी ती रांग डोळ्यांस वाटली. तीच रांग गिटारीच्या कडेनें पट्टीसारखी फिरविली आहे.

काम असें केलें. तारा उतरविल्या, मान, घोडी व दर्शनी फळी कागदानें झांकिली. कडेचें जुनें पॉलिश बारीक कांचकागदानें घासून धूळ पुसली. रंगाचे पातळ हात देऊन प्रत्येक वाळूं दिला. वर पारदर्शक लाकेचे हात मोकळ्या हवेंत, तोंडाला मुखवटा बांधून दिले, आणि पुरती कडक होण्यास कित्येक आठवडे ठेविली. पाठीची फळी मात्र तशीच सोडली, कारण त्या मुलास वाद्य वाजत असतां तिच्यावर तळहात ठेवून थरथर अनुभवावयाची फार आवड आहे.

आतां आमची विनंती. दाराजवळचा एक बाक अशा कुटुंबांसाठीं मोकळा ठेवावा. ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी ठेवावा. मूल उठलें, ओरडलें, तर मागें वळून पाहूं नये. कोणाचें मूल वर्षाचें झालें तरी हांकेस ओ देत नसेल, दीड वर्षाचें होऊनहि बोट दाखवीत नसेल, किंवा आलेले शब्द हरवूं लागलें असेल, तर लपवूं नका, डॉक्टरांस दाखवा. पालघर येथून २०१३ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी होते, तिचा लाभ घ्या.

गेल्या दोन रविवारीं ती माउली दाराजवळच्या बाकावर होती. पहिल्या रविवारीं ती अर्पणापूर्वींच निघून गेली. दुसऱ्या रविवारीं शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबली. गिटारीचा रंग हातांच्या घर्षणानें केव्हांतरी उडेल. तो बाक मात्र रिकामा पडूं नये, एवढीच कृपा परमेश्वराजवळ मागून आम्ही आपली रजा घेतों.