अहिंसेची किंमत कोणी मोजावी? : युद्ध आणि मनुष्यप्राण यांविषयी ख्रिस्ती धर्मचिंतन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर विद्वान बोलले. मी कापड बाजारातला व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य ताग्यांच्या आणि वहीखात्यांच्या सहवासात गेले. त्यामुळे विषयपत्रिकेत माझ्या नावासमोर ख्रिस्ती धर्माचा उल्लेख पाहून अनेकांनी भुवया उंचावल्या. एका वडीलधाऱ्यांनी तर विचारले, ''काय हो, आपल्या घरचे विषय संपले का?'' संपलेले नाहीत. उलट घरच्याच एका प्रश्नाने मला त्या दाराशी नेऊन उभे केले.

माझा नातू बारावीत आहे. गेल्या वर्षी त्याने जाहीर केले की, तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देणार. आपले अहिल्यानगर (आम्हा जुन्यांच्या तोंडी अजून नगरच) लष्कराच्या शेजारी वाढलेले गाव आहे. रणगाडे आपण लहानपणापासून पाहतो. तथापि आपल्या घरातला मुलगा रणगाड्यावर बसेल, ही कल्पना मला पेलवली नाही. मी म्हणालो, ''बेटा, आपण अहिंसेचे उपासक.'' तो शांतपणे म्हणाला, ''दादाजी, सीमेवर दुसऱ्यांची मुले मरतात म्हणून आपली अहिंसा सुरक्षित आहे. हा हिशेब तुम्हाला बरोबर वाटतो का?'' हिशेबात आयुष्य घालविलेल्या माणसाजवळ या हिशेबाचे उत्तर नव्हते.

अहमदनगर कॉलेजातील माझे एक ख्रिस्ती वर्गमित्र निवृत्त शिक्षक आहेत. संध्याकाळच्या फेरफटक्यात त्यांना हा प्रसंग सांगितला. ते हसून म्हणाले, ''हा प्रश्न आम्हाला अठराशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे.'' त्यानंतर वर्षभर त्यांनी मला पुस्तके पुरविली आणि मी ती समजतील तशी वाचली. आज जे मांडतो आहे ते त्या वाचनातून आले आहे.

प्रथम मूळ शिकवण पाहू. येशू ख्रिस्तांच्या डोंगरावरील प्रवचनात शत्रूवर प्रेम करावे, दुष्टाचा प्रतिकार दुष्टाईने करू नये, असा उपदेश आहे. त्यांना अटक होत असताना पेत्र नावाच्या शिष्याने तलवार उपसली, तेव्हा ती म्यान करण्याची त्यांनी आज्ञा केली. मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे, त्याचा प्राण ही ईश्वराची ठेव आहे, म्हणून ती हिरावण्याचा अधिकार मनुष्याला नाही, अशी यामागील धारणा आहे. आपली भूमिका याहून भिन्न आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपण सृष्टिकर्ता मानत नाही आणि आपली करुणा एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जाते. त्यांचे चिंतन मुख्यत्वे मनुष्यप्राणाभोवती फिरते. हा फरक पुसून टाकण्यात दोन्ही धर्मांचा मान नाही.

आता तो जुना प्रश्न. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या विचारवंताने ख्रिस्ती लोकांवर आक्षेप घेतला की, सर्वच तुमच्यासारखे वागले तर सम्राट एकटा पडेल आणि राज्य रानटी टोळ्यांच्या हाती जाईल. माझ्या नातवाने केल्ससचे नावही ऐकलेले नाही, पण आक्षेप तोच. तिसऱ्या शतकाच्या मध्यास ओरिजेन या धर्मपंडिताने त्याला उत्तर दिले. तुमच्या देवळांतील पुजाऱ्यांचे हात रक्ताने विटाळू नयेत म्हणून तुम्ही त्यांना युद्धातून वगळता. आम्ही सारेच पुजारी आहोत आणि प्रार्थनेने राज्याचे रक्षण करतो, असा त्याचा आशय होता. उत्तर चतुर आहे. परंतु खरे सांगतो, ते माझ्या नातवासमोर ठेवण्याचे धैर्य मला झाले नाही.

मला अधिक भिडला तो मॅक्सिमिलियन. इ.स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियातील तेबेस्सा येथे, या २१ वर्षांच्या तरुणाला सैन्यभरतीसाठी रोमन अधिकाऱ्यापुढे उभे केले गेले. त्याच्या चौकशीचा वृत्तांत उपलब्ध आहे. उंची मोजली गेली, गळ्यात शिक्क्याची खूण घालण्याची आज्ञा झाली. त्याने नकार दिला. मी ख्रिस्ती आहे, सैनिक होऊ शकत नाही, एवढेच तो सांगत राहिला. अधिकारी म्हणाला की, सम्राटांच्या पथकातही ख्रिस्ती सैनिक आहेत. त्यावर हा उत्तरला की, त्यांना काय उचित ते त्यांना ठाऊक. दुसऱ्याचा निवाडा त्याने केला नाही, हे लक्षात घ्यावे. शिरच्छेदाची शिक्षा झाली. वडील तेथेच होते. त्यांनी मुलाच्या सैन्यप्रवेशासाठी नवे वस्त्र सिद्ध केले होते. ते वस्त्र शिरच्छेद करणाऱ्याला देऊन टाका, असे मुलाने जाताना वडिलांना सांगितले. मी कापडाचा माणूस आहे. हा तपशील वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ गादीवर तसाच बसून राहिलो.

पुढे काळ पालटला. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या राजवटीत ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि त्याच शतकाच्या अखेरीस तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. जे राज्याबाहेर होते तेच राज्याचे धनी झाले. आता केल्ससचा प्रश्न टाळता येईना. संत ऑगस्टिन यांनी त्यावर विचार केला. त्यांचे निधन ४३० मध्ये झाले तेव्हा व्हँडल टोळ्यांनी त्यांच्या हिप्पो शहराला वेढा घातलेला होता. तेव्हा हे चिंतन पुस्तकी नव्हते. त्यांच्या विचारांतून, आणि पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांच्या मांडणीतून, 'न्याय्य युद्धा'चा सिद्धांत आकारास आला: युद्ध वैध सत्तेनेच पुकारावे, कारण न्याय्य असावे, हेतू शांततेचा असावा. युद्धाला लगाम घालण्यासाठी केलेले हे नियम पुढे अनेकदा युद्धाचा परवाना म्हणून वापरले गेले. १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी धर्मयुद्धाची हाक दिली आणि त्यात जाणाऱ्यांना प्रायश्चित्तातून मुक्तीचे आश्वासन दिले. १०९९ मध्ये जेरुसलेम पडले तेव्हा मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची भयंकर कत्तल झाली.

हे ऐकून आपण मनात समाधान मानू नये. आपल्या परंपरेतही गृहस्थासाठी विरोधी हिंसेचा वेगळा विचार आहे. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभारणारा चामुंडराय सेनापती होता. भगवतीसूत्रात वरुण नावाच्या श्रावकाची कथा येते. राजाज्ञेने रणात उतरावे लागले, तेव्हा त्याने नियम घेतला की, जो आधी प्रहार करील त्याच्यावरच मी प्रहार करीन. त्याच प्रकरणात, रणात मरणारे सारे स्वर्गास जातात हा लोकसमज भगवंतांनी नाकारला आहे. अर्बन यांच्या आश्वासनाशेजारी हे ठेवून पाहावे. आपल्या मुलांना आपण वरुणाची कथा सांगतो का? मी सांगितली नव्हती, कारण मलाच ती माहीत नव्हती.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथ उदयास आला. कोणत्याही कारणासाठी शस्त्र धरणार नाही, असे त्यांनी १६६० मध्ये राजाला लेखी कळविले. पहिल्या महायुद्धात त्यांच्यापैकी कित्येक तरुण रुग्णवाहिका पथकात दाखल होऊन आघाडीवर जखमींना उचलीत होते. काहींनी तेही युद्धाला साह्य ठरेल म्हणून नाकारले आणि तुरुंग पत्करला. १९४७ चे नोबेल शांतता पारितोषिक इंग्लंड-अमेरिकेतील क्वेकर सेवासंस्थांना मिळाले. घरी सुरक्षित बसून शांततेची भाषा त्यांनी केली नाही.

मात्र वर्षभरात सर्वांत अधिक मी ज्याच्याविषयी वाचले, तो एक शेतकरी होता. फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यात १९०७ मध्ये जन्म. तरुणपणी काहीसा उनाड. १९३६ मध्ये फ्रान्झिस्काशी विवाह झाला आणि माणूस पालटला. तीन मुली झाल्या. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यावर मतदान झाले, तेव्हा गावात त्याने एकट्याने विरोधी मत दिले. पुढे लष्करी प्रशिक्षण घ्यावे लागले, ते त्याने घेतलेही. पण परतल्यावर ठरविले की, हिटलरच्या अन्याय्य युद्धासाठी लढणार नाही. तो लिंझच्या बिशपांकडे गेला. राज्यकर्त्यांच्या कृत्यांची जबाबदारी तुझ्यावर नाही, कुटुंबाकडे पाहा, असाच सल्ला मिळाला. मित्रहो, त्याच्या जागी माझा मुलगा असता तर मीही हेच सांगितले असते, आणि माझ्या मते मी चुकलो असतो.

मार्च १९४३ मध्ये छावणीत हजर होऊन त्याने शस्त्र धरण्यास नकार दिला. वैद्यकीय सेवा करण्याची तयारी दाखविली, ती मानली गेली नाही. जुलैमध्ये बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. फ्रान्झिस्का तुरुंगात भेटून गेली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. वय ३६.

एवढ्यावर कथा थांबत नाही. गावाने दोष फ्रान्झिस्काला दिला, कारण तिने नवऱ्याला अडविले नाही. युद्धविधवेचे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारले गेले. रणात मेलेल्यांच्या विधवांना ते मिळत होते. तीन मुली आणि शेत तिने एकटीने सांभाळले. अहिंसेची किंमत मोजली ती कोणी, हे येथे दिसते. फ्रान्झने एका दुपारी मोजली, तिने वर्षानुवर्षे. अखेर २००७ मध्ये त्याच लिंझच्या कॅथेड्रलमध्ये चर्चने त्याला 'धन्य' घोषित केले, तेव्हा ९४ वर्षांची फ्रान्झिस्का समारंभास उपस्थित होती. २०१३ मध्ये, शंभरी पूर्ण करून, ती गेली.

त्याच्या मृत्यूनंतर बरोबर दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४५ रोजी, नागासाकीवर अणुबाँब पडला. जपानमधील ख्रिस्ती वस्तीचे ते जुने केंद्र. उराकामीचे भव्य चर्च उद्ध्वस्त झाले. ज्या तळावरून विमान उडाले तेथील कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज झाबेल्का यांनी पुढे जाहीर कबुली दिली की, नागरी वस्तीवरील बाँबफेकीविरुद्ध आपण तेव्हा अवाक्षरही काढले नाही. त्यांचे उर्वरित आयुष्य पश्चात्तापात आणि शांतताकार्यात गेले. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने संपूर्ण शहरे सरसकट नष्ट करणाऱ्या युद्धकृत्यांचा निःसंदिग्ध धिक्कार केला. आणि सद्सद्विवेकबुद्धीने शस्त्र नाकारणाऱ्यांना, त्यांनी अन्य सेवा पत्करल्यास, कायद्याने माणुसकीने वागवावे, असे म्हटले. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिले की, जुने निकष लावून न्याय्य युद्धाची भाषा करणे आज फार कठीण झाले आहे. एवढे म्हणायला चर्चला सोळाशे वर्षे लागली, असे माझे वर्गमित्रच म्हणाले, मी नाही.

नातवाला मी हे सारे सांगितले. वरुणाचे सांगितले, फ्रान्झिस्काचेही. तो म्हणाला, ''दादाजी, येगरश्टेटरने अन्यायासाठी लढायचे नाकारले. देशावर कोणी चालून आले तर काय करायचे, ते त्याने कुठे सांगितले?'' मुद्दा बिनतोड आहे. मी त्याला एवढेच म्हणालो की, वर्दी चढविलीस तरी एखादी आज्ञा नाकारण्याची वेळ येऊ शकते, आणि ती ओळखण्याची बुद्धी घरूनच न्यावी लागते. तो बराच वेळ काही बोलला नाही.

लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला आहे. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. त्याच्या आजीने अजून होकार दिलेला नाही. माझेही मन पूर्ण निवळलेले नाही. मुलाखतीसाठी पांढरा शर्ट लागतो म्हणतात. त्याचे कापड मी दुकानातून काढून शिंप्याकडे दिले आहे.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.