अंगणापर्यंत आलेली शाळा
(रेडिओवरील भाषण)



१९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी, समुद्राच्या काठी, ताराबाई मोडक यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केलं. त्यांचं वय तेव्हा त्रेपन्न होतं. १९१४ सालच्या त्या बी.ए. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद त्यांनी सांभाळलं होतं. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात गेल्या, आणि पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार ही संस्था उभी केली. शिशुविहार चांगलं चाललं होतं. त्यांचं नाव झालं होतं. तरीही त्यांनी बोर्डीची वाट धरली. शिक्षणाचा एखादा विचार समाज घडवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला त्यांच्या त्या निर्णयापासून पाहावंसं वाटतं.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेल्यावर ज्यांच्याकडे बघायला कुणी नसे, अशी ती मुलं. मॉन्टेसरीबाईंचं म्हणणं थोडक्यात असं की मुलाला शिकायचंच असतं, मोठ्यांनी त्याच्याभोवती योग्य वस्तू आणि शांत जागा निर्माण करावी, आणि मग बाजूला व्हावं. बक्षीस नको, शिक्षा तर नकोच. गिजुभाई पेशानं वकील. हा विचार त्यांच्या मनात असा काही रुजला की वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. छडी हे शाळेचं मुख्य साधन होतं, तो हा काळ. त्या काळात हा माणूस तीन वर्षांच्या पोराला समान मानून त्याच्याशी बोलत होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ताराबाई त्या कामाच्या मध्यभागी होत्या.

इथं मी जरा थांबतो. मुलाला मारू नये, हे आज आपण सहज बोलतो. पण ज्या समाजात जन्मावरून माणसाची पायरी ठरत होती, सावकारापुढे मान वर करायची नाही हे लहानपणीच शिकवलं जात होतं, त्या समाजात ‘या मुलाचा मान राखा’ असं म्हणणं ही फार मोठी गोष्ट होती. भीतीनं शिकलेलं मूल मोठेपणी भीतीनंच वागतं, आणि अशी माणसं राज्यकर्त्यांना, जमीनदारांना फार सोयीची असतात. मुलाला निवड करू देणं, त्याच्या ‘नाही’ला किंमत देणं, ही लोकशाहीची सगळ्यात पहिली इयत्ता आहे असं मी मानतो.

पण झालं काय? मजुरांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे मोठ्या घरांत जाऊन बसली. लाकडी दट्टे, मण्यांच्या माळा, खरखरीत अक्षरांच्या पाट्या, सगळं साहित्य महाग. ते परवडणार शहरातल्या सुखवस्तू पालकांना. शिशुविहार चालवताना ताराबाईंना हे दिसत होतं. १९३७ मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी नयी तालीम मांडली. खेड्यातल्या मुलाला, त्याच्या हातातल्या कामाला केंद्रस्थानी ठेवणारं शिक्षण कसं असावं, ही चर्चा देशात सुरू झाली. मग सहा वर्षांच्या आतल्या खेड्यातल्या मुलाचं काय? या प्रश्नापायी ताराबाई बोर्डीला गेल्या.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. जन्म १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत त्यांनी शिकवलं. ताराबाईंची आणि त्यांची गाठ पडली आणि पुढचं सगळं आयुष्य अनुताईंनी या कामाला दिलं. वयानं अठरा वर्षांचं अंतर असलेल्या या दोघींचं सहकार्य हा मराठी शिक्षणाच्या इतिहासातला फार सुंदर भाग आहे. त्यावर वेगळं भाषण द्यावं लागेल.

बोर्डीत बालवाडी निघाली, गावातली मुलं आली. दलित वस्तीतली मात्र येईनात. आदिवासी पाड्यांवरची तर नाहीच. एखादा हिशेबी माणूस म्हणाला असता, ‘आम्ही दार उघडं ठेवलं आहे, त्यांना शिक्षणाची आवड नाही, आम्ही काय करणार?’ हे वाक्य आपल्याकडे किती पिढ्या म्हटलं गेलं आहे! ताराबाईंनी आणि अनुताईंनी ते म्हटलं नाही. मूल का येत नाही, याची कारणं त्यांनी शाळेत शोधली, मुलात नाही. शाळा लांब होती. ती इमारत, ती माणसं, ती भाषा परकी होती. घरी धाकटं भावंड सांभाळायचं होतं. गुरं चारायची होती. मग मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं, असं ठरलं. बाई वस्तीत जाऊ लागल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात मुलांना जमवून बसू लागल्या. अंगणवाडी सुरू झाली ती अशी.

तिथं दिवसाची सुरुवात कशानं होई? अंघोळीनं. तोंड धुणं, नाक पुसणं, केस विंचरणं, नखं कापणं. सवर्ण घरातल्या शिक्षिकेनं दलित मुलाच्या डोक्यातून कंगवा फिरवायचा, आणि तोही त्याच्याच अंगणात, त्याच्या आईच्या देखत. १९४५ साली हा पाठ फळ्यावर लिहिलेल्या कुठल्याही पाठापेक्षा मोठा होता, आणि तो मुलांबरोबर सगळी वस्ती शिकत होती. अस्पृश्यतेविरुद्ध भाषणं खूप झाली. ती व्हायलाच हवी होती. पण तीन वर्षांच्या मुलाला भाषण कळत नाही, हात कळतो.

साहित्याचा प्रश्न त्यांनी परिसरातूनच सोडवला. किनाऱ्यावर शिंपले होते, रानात बिया होत्या, पानं, गारगोट्या, माती, बांबू. मोजायला बिया, रंग ओळखायला फुलं-पानं, लहान-मोठं लावायला शंख-शिंपले. मॉन्टेसरीबाईंच्या पेटीत जे होतं ते सगळं, जवळजवळ फुकट. यात पैशाची बचत होतीच. पण पाड्यावरच्या मुलाला त्यातून आणखी एक गोष्ट कळत होती. आपल्या अवतीभवती जे आहे ते शिकण्याच्या योग्यतेचं आहे, ज्ञान काही दुसऱ्याच्या घरून उसनं आणायची वस्तू नाही.

याच परिसरात त्याच सुमाराला काय चाललं होतं, तेही सांगितलं पाहिजे. तलासरी-डहाणूच्या भागात वारली आदिवासी वेठबिगारीत पिचले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको जमीनदाराकडे वर्षानुवर्षं राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. त्याच १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं वारल्यांनी वेठीविरुद्ध लाल झेंडा हाती घेतला. बालशिक्षणाचं काम आणि हा लढा या दोन वेगळ्या वाटा होत्या, त्यांचे विचारही वेगळे होते. पण त्या एकाच मातीत उगवल्या याचा मला अर्थ वाटतो. एका वाटेनं मोठ्या माणसांना ताठ उभं राहायला सांगितलं. दुसरीनं त्यांच्या मुलांना वाकायला शिकवलंच नाही.

१९५७ मध्ये ताराबाई आणि अनुताई बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आता सगळं काम वारली पाड्यांमध्ये. इथं त्यांना आणखी एक अडचण नीट कळली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. मग त्यांनी तिला भावासकट बोलावलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी जोडून चालवली. या एकत्र रचनेला विकासवाडी म्हणत. भाऊ पाळणाघरात झोपे, बहीण शेजारी वर्गात बसे, मधल्या सुट्टीत त्याला बघून येई. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरत आहेत आणि त्याच कुरणात शिक्षक मुलांना घेऊन बसले आहेत. मुलींच्या शिक्षणावर आपण किती ठराव केले, किती घोषणा रंगवल्या! कडेवरच्या भावाचा विचार मात्र कोसबाडला झाला.

कोसबाडमधून मला जे दिसतं ते इतकंच आहे. शिक्षणाचं तत्त्वज्ञान ग्रंथात असतं, पण समाज घडवतं ते त्या तत्त्वज्ञानातून निघालेलं रोजचं वळण. शाळा कुठं भरते, कुणाच्या वेळेनं भरते, कोण कुणापाशी चालत जातं, मूल रडलं तर काय करायचं, या साध्या गोष्टींत मूल्यं बसलेली असतात. ती वळणं बदलली की माणसं बदलतात. वळणं तशीच ठेवून वर नुसती सुविचारांची पाटी लावली तर काहीही बदलत नाही.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. जगात लहान मुलांसाठी एवढं मोठं सरकारी काम क्वचितच कुठं असेल. लसीकरण, पूरक आहार, गरोदर आणि स्तनदा मातांची काळजी, वजन-उंचीच्या नोंदी, या कामानं असंख्य मुलं जगली. सगळ्या जातींची मुलं एकत्र बसून एका पातेल्यातली खिचडी खातात, ही आपल्या देशात लहान गोष्ट नाही. जिथं या पंगतीला विरोध होतो तिथं तर ती अजिबातच लहान नाही. पाड्यावरची, वस्तीतलीच बाई सेविका होते, तिला गाव ‘बाई’ म्हणून हाक मारतं, हेही कोसबाडचंच देणं.

पण योजनेतल्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा आहे, आणि सगळ्यात जास्त उपेक्षा तिचीच झाली. अंगण आपण घेतलं, त्या अंगणातलं शिकणं मागं राहिलं. सेविकेचा दिवस आठवून पाहा. पोषण आहाराची नोंद, घरी न्यायच्या आहाराच्या (टीएचआर) पाकिटांचं वाटप, गृहभेटी, वजनं, मोबाइलवर पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप भरणं, शिवाय सर्वेक्षण, निवडणुकीचं काम. यातून मुलांजवळ बसायला वेळ किती उरतो? आणि तिला मिळतं ते मानधन, पगार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीपर्यंत चालला. त्याआधी, २०२२ मध्ये, गुजरातमधल्या दाहोदच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, आणि हे काम अर्धवेळचं म्हणता येणार नाही हेही नोंदवलं. जे कोसबाडला गृहीत होतं, की लहान मुलाला शिकवणं हे पूर्ण माणसाचं पूर्ण काम आहे, ते आपल्याला न्यायालयाकडून ऐकावं लागलं.

कायद्यातही तीच फट आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्या मुलांसाठी मात्र राज्यानं प्रयत्न करावा, एवढंच म्हटलं. २००९चा शिक्षण हक्क कायदा याच रेषेवर उभा राहिला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन वर्षांपासूनच्या मुलांना पायाभूत टप्प्यात आणलं, याचं मी मनापासून स्वागत करतो. पण धोरण हा हक्क नव्हे.

या रिकाम्या जागेत काय आलं? गल्लोगल्ली नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी. अंगणवाडीत नुसती खिचडी मिळते, असं म्हणून मोलमजुरी करणारे पालकही पोटाला चिमटा घेऊन मुलांना तिथं घालतात. त्यांना मी दोष देणार नाही. आपल्या मुलानं पुढं जावं असंच त्यांना वाटतं. पण तिथं तीन वर्षांचं मूल टाय लावून बाकावर बसतं, वहीभर एबीसीडी गिरवतं, त्याला गृहपाठ असतो, घरच्या भाषेत बोललं तर ओरडा बसतो. गिजुभाईंनी शंभर वर्षांपूर्वी जे मोडायला घेतलं, तेच आज आपण फी भरून विकत घेत आहोत. आणि ज्यांना फी परवडत नाही त्यांची मुलं अंगणवाडीत राहतात. तीन वर्षांच्या वयातच मुलांच्या दोन रांगा लागतात. हा समाजही शिक्षणाच्या एका विचारानंच घडतो आहे. लवकर पुढं काढलेलं मूल जिंकतं, मागचं राहिलं तर राहिलं, हा तो विचार.

अनुताई १९९२पर्यंत होत्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मचरित्र जरूर वाचा. आणि आपल्या जवळच्या अंगणवाडीत एखाद्या सकाळी जा. इमारत कशी आहे ते बघालच, पण सेविकेला विचारा की आज मुलांबरोबर सलग किती वेळ बसता आलं. पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी प्रत्येक अंगणवाडीत वेगळी, प्रशिक्षित, पूर्ण पगारी शिक्षिका असावी, आणि सकाळच्या त्या वेळात तिच्या हाती कुठलंही रजिस्टर किंवा मोबाइल देऊ नये. ही मागणी ग्रामसभेत मांडता येते, वॉर्डातल्या सभेत मांडता येते, निवडणुकीत मत मागायला आलेल्या उमेदवारापुढेही मांडता येते. पाणी आणि रस्ता आपण नेहमी मागतो. त्या यादीत तीन वर्षांच्या मुलांची ही बाई या वेळी घाला.