अप्रिय निदान



वैद्याने रोग्यास बरे वाटेल ते बोलावे, की दिसले ते बोलावे? हा प्रश्न एका रोग्यापुरता असतो तोवर सोपा. परंतु आठ लाखांवर वस्तीचे शहरच रोगी झाले म्हणजे? तो प्रसंग डॉ. अकासियो व्हिएगस यांजवर आला.

त्यांचा जन्म 1856 साली गोव्यातील हडफडे गावी झाला. 1874 साली ते मुंबईस मॅट्रिक झाले व पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन मांडवी भागात व्यवसाय करू लागले. 1888 पासून ते म्युनिसिपालिटीचे सभासदही होते. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, दाट चाळी, तुंबलेली गटारे आणि उंदरांचा सुळसुळाट. 1896 च्या पावसाळ्याअखेर तेथे कडक ताप येऊन जांघेत वा काखेत गाठ उठावी व रोगी थोड्याच दिवसांत दगावावा, असे घडू लागले. 23 सप्टेंबर रोजी डॉक्टरांनी म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीस स्पष्ट सांगितले, की हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग होय.

हा शब्द व्यापारी बंदरास परवडणारा नव्हता. प्लेगच्या बंदरातून आलेली जहाजे परदेशी अडविली जात. माल कुजे, मजुरी बुडे. तथापि तज्ज्ञांच्या तपासणीत निदान खरे ठरले. हाफकिन यांनी मुंबईतच लस सिद्ध केली व 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. व्हिएगस यांनी पुढे हजारो नागरिकांस ती स्वहस्ते टोचली.

त्याच वर्षी सरकारने साथीचा कायदा केला. पुण्यात गोरे शिपाई घरांत घुसले. लोक रोगी लपवू लागले, आणि जूनमध्ये रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. सत्य सांगणे एक, आणि ते लोकांच्या गळी बळाने उतरविणे निराळे!

रेल्वेच्या मार्गावरील आपल्या सोलापुरासही हा फेरा चुकला नाही. घरात उंदीर पडला, की चूल उचलून माळावरच्या झोपडीत जावयाचे, हे आमच्या आजीच्या पिढीस पाठ होते. उंदरावरील पिसवांमार्फत रोग पसरतो हे सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखविले; लोकांनी अनुभवाने तेच ओळखले होते.

व्हिएगस 1906 साली म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले व 1933 साली निवर्तले. धोबीतलावास त्यांचा पुतळा उभारला गेला. औषध मागाहून सापडते. रोगाचे नाव मात्र वेळेवर, निर्भयपणे घेणारा कोणी असावा लागतो.