पहिल्या पानावरची नटी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात ‘प्रसारमाध्यमे आणि स्त्रिया’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नटनट्यांच्या आणि इतर प्रसिद्ध माणसांच्या कहाण्यांना बातम्यांमध्ये जागा असावी का, असा विषय मला दिला आहे. आपल्यापैकी बहुतेकींचे उत्तर तयारच असेल. “नको. ती जागा आमच्या बायकांच्या प्रश्नांना द्या.” या उत्तरात तथ्य आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. सरकारने समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कोयता थांबला की खाडा, खाड्याचा दंड, म्हणून पाळीची कटकटच नको, हे त्यामागचे अर्थशास्त्र. हा एका जिल्ह्यातला आकडा. तो किती दिवस पहिल्या पानावर राहिला? आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, श्रीदेवी दुबईत वारली तेव्हा ती टबात कशी बुडाली असेल याची चित्रे दाखवण्यात वाहिन्यांनी दिवस घालवले. एका तेलुगू वाहिनीचा वार्ताहर तर स्वतःच टबात आडवा झाला.

तरीही नुसते “नको” म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. आपण नको म्हटल्याने या कहाण्या थांबत नाहीत. त्या येतच राहतात आणि वस्तीतल्या बायका त्या बघत राहतात. आपण मात्र नाक मुरडून बाजूला होतो. मग त्या कहाणीतून बाईबद्दल काय शिकवले जाते आहे, याकडे लक्ष द्यायला कोणीच उरत नाही.

२०२० सालचे उदाहरण घेऊ. १४ जूनला सुशांतसिंह राजपूत या नटाने मुंबईत आत्महत्या केली. तरुण, लोकप्रिय मुलगा. हळहळ वाटणे साहजिक होते आणि त्याची बातमी होणारच होती. पण महिन्या-दोन महिन्यांत ती बातमी त्याची राहिली नाही, त्याच्या मैत्रिणीची झाली. रिया चक्रवर्तीने त्याला नादी लावले, पैसे खाल्ले, काळी जादू केली, माणसांपासून तोडले. ती बंगाली म्हणून बंगाली बायकाच कशा जादूटोणा करणाऱ्या, यावरही बोलून झाले. ६ सप्टेंबरला ती बॅलार्ड इस्टेटमधल्या अमली पदार्थविरोधी विभागाच्या कार्यालयात चौकशीसाठी गेली, तेव्हा कॅमेरेवाल्यांनी तिला असे घेरले की तिला पाऊल टाकता येईना. ती दृश्ये तुम्ही पाहिली असतील. ८ तारखेला तिला अटक झाली आणि ती भायखळ्याच्या तुरुंगात गेली. त्याआधी कित्येक आठवडे तिला रोज रात्री नऊ वाजता शिक्षा सुनावली जात होती.

याच सप्टेंबरमध्ये, १४ तारखेला, उत्तर प्रदेशातल्या हाथरस जिल्ह्यात एका दलित मुलीवर अत्याचार झाला. देशाचे लक्ष तिच्याकडे वळले ते ती २९ तारखेला दिल्लीच्या रुग्णालयात मेल्यावर आणि पोलिसांनी रातोरात तिचे प्रेत जाळल्यावर. मधले पंधरा दिवस ती जिवंत होती. त्या पंधरा दिवसांत मुंबईत कोणती नटी कोणत्या गाडीतून चौकशीला निघाली, याचा मोटारसायकलवरून पाठलाग चालू होता.

आता जरा मागे जाऊ. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये अभिनेत्री रेखाच्या नवऱ्याने आत्महत्या केली. लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते. तेव्हाही तीच खुनी ठरली, नवऱ्याला गिळणारी ठरली. फरक इतकाच, की तेव्हा हे लिहिणारी होती मुख्यतः फिल्मी मासिके. केशकर्तनालयात आणि दाताच्या दवाखान्यात चाळायची. तीस वर्षांनी तीच भाषा मुख्य बातमीपत्रात आली. हा बदल आपण नीट पाहिला पाहिजे. गॉसिपला जागा मिळाली हे वाईटच, पण गॉसिपने बातमीचा अधिकार मिळवला हे अधिक वाईट. बातमी म्हटली की माणूस ती खरी धरतो.

आणि ही भाषा आपल्याला नवीन आहे का? आपल्याकडे शब्दच आहे, पांढऱ्या पायाची. विदर्भात, मराठवाड्यात शेतकऱ्याने विष घेतले की त्याच्या बायकोने काय काय ऐकले आहे, ते तुमच्यापैकी तिथे काम करणाऱ्या सांगतील. कर्ज, नापिकी, सावकार हे सगळे पंचनाम्यात. घरात मात्र, “हिच्या पायगुणानं गेला.” सासर जमिनीत नाव लावू देत नाही ते याच एका वाक्याच्या जोरावर. म्हणून मी म्हणते की रियाची गोष्ट ही श्रीमंतांची, मुंबईची, आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट नव्हती. पुरुष मेला तर त्याच्या जवळच्या बाईने हिशोब द्यायचा, हा नियम त्या काळात घराघरात दाखवला गेला, चांगल्या इंग्रजीत आणि हिंदीत.

पुढे काय झाले तेही ऐका, कारण त्याची बातमी तेवढ्या मोठ्या आवाजात झाली नाही. ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने रियाला जामीन दिला. प्रसिद्ध व्यक्तींकडे तरुण मुले आदर्श म्हणून बघतात, तेव्हा त्यांच्याशी अधिक कडकपणे वागावे, असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सारंग कोतवालांनी ते मानले नाही. कायद्यापुढे सगळे समान. प्रसिद्ध माणसाला खास सवलत नाही, तसाच खास बोजाही नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. जानेवारी २०२१ मध्ये याच न्यायालयाच्या खंडपीठाने माध्यमांच्या समांतर खटल्यांबद्दल मोठा निकाल दिला. दोन वाहिन्यांचे वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे होते असे म्हटले, कारवाई मात्र केली नाही. आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचे अहवाल कोर्टात दाखल केले. पावणेपाच वर्षांनी. त्या रात्री किती वाहिन्यांनी माफीची पट्टी चालवली, ते तुम्हीच आठवून पाहा.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०१७ मध्ये केरळमध्ये एका अभिनेत्रीला गाडीतून पळवून तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला. तिचे नाव मी घेणार नाही. ती प्रसिद्ध होती म्हणून बातमी झाली, हे खरेच आहे. पण तिने पोलिसांत तक्रार केली आणि तिच्यामागे तिथल्या चित्रपट व्यवसायातल्या बायका उभ्या राहिल्या. त्यांनी संघटना केली, मुख्यमंत्र्यांना भेटल्या, आणि निवृत्त न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली. समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारला मिळाला आणि तो साडेचार वर्षे दाबून ठेवला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये, माहिती अधिकारातल्या लढाईनंतर, तो काही भाग गाळून का होईना, बाहेर आला.

त्या अहवालात काय आहे? कामाच्या बदल्यात शरीर मागितले जाते, हे तर आहेच. पण चित्रीकरणाच्या जागी संडास नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, हेही आहे. लेखी करार नाही. गर्दीतल्या कामाला आणलेल्या बायकांना ठरलेली मजुरीही मिळत नाही. हे वाचताना मला बांधकामावरची बाई आठवली, भाजी मंडईतली आठवली. एका नटीच्या बातमीतून शेवटी केशरचना करणाऱ्या आणि गर्दीत उभ्या राहणाऱ्या बायकांपर्यंत पोचता आले. ती बातमी पहिल्या पानावरच हवी होती. तिला सिनेमाच्या पुरवणीत टाकणे म्हणजे तिचा बळी देणे झाले असते.

तनुश्री दत्ताचे तसेच झाले होते. २००८ मध्ये तिने सेटवरच्या छळाची तक्रार केली, तेव्हा ती सिनेमाच्या पानावरची भानगड ठरली. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, ती तेच बोलली आणि मग एकेक बाई बोलू लागली. त्यात पत्रकार बायकाही होत्या. प्रिया रमाणींनी एका माजी संपादकाचे नाव घेतले, त्याला केंद्रातले मंत्रिपद सोडावे लागले, आणि त्याने लावलेल्या बदनामीच्या खटल्यातून त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्दोष सुटल्या. बातमीत काय घ्यायचे हे ठरवणाऱ्या खोलीत कोण बसते, तेही त्या निमित्ताने कळले.

कामाच्या जागी छळाविरुद्धचा १९९७ चा विशाखा निकाल मात्र भंवरीदेवीच्या लढाईतून आला. राजस्थानातली साथीण, कुंभार समाजातली. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर नट्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हाच सगळे सुरू झाले असा समज पुढच्या पिढीचा व्हायचा.

तेव्हा जागा मिळावी की नाही, यापेक्षा मी वेगळे विचारते. या बातमीत कायदा आहे का, कामाची जागा आहे का, पोलीस आणि पैसा यांचे वागणे आहे का? असेल तर ती बातमी आहे आणि ती बातमीच्याच शिस्तीने द्यावी. दोन्ही बाजू विचारून, कागद पाहून, चारित्र्यावर न घसरता. ते काही नसेल, तर कोणाचे लग्न आणि कोणाचा घटस्फोट हे पुरवणीत वाचायला माझी हरकत नाही. मीही वाचते. करमणुकीला नावे ठेवण्याइतके आपले आयुष्य कोरडे असू नये.

आणि जाता जाता, ८ मार्चला “कोणीतरी नटी आणा, म्हणजे पेपरवाले येतील” असे आपल्याही बैठकीत म्हटले जाते. नटी येते, फोटो छापून येतो, खाली आपल्या मागण्यांची एक ओळही नसते. बोलवायचेच तर तिच्या हातात मागण्यांचा कागद द्या आणि तो तिने वाचावा हे आधी ठरवा.

तक्रारीचा मार्गही वापरात ठेवा. वर्तमानपत्राविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे जाता येते. वाहिन्यांचे स्वतःचे नियामक मंडळ आहे. २०२० मध्ये त्यांनी सुशांतच्या प्रकरणात काही वाहिन्यांना माफी मागायला लावली, एकीला लाख रुपये दंड केला. मात्र जी वाहिनी त्या मंडळाची सभासदच नाही, तिला ते काही करू शकत नाही. म्हणून आधी सभासद कोण ते पाहा आणि मुदतीत, तारीख-वेळ लिहून तक्रार पाठवा.

चहानंतर गटात बसताना प्रत्येक गटाला एका दिवसाची तीन मराठी वर्तमानपत्रे मिळतील. ज्या ज्या बातमीत बाई आहे तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढा, आणि बाजूला लिहा: तिचे नाव आधी आले, की ती कोणाची कोण हे.