वृद्ध इंजिनाचें वंगण

किनवट तालुक्यांतील इस्लापूर हें गांव हिमायतनगर व किनवट यांच्या दरम्यान वसलेलें आहे. पैनगंगेवरील सहस्रकुंडचा धबधबा तेथून जवळच. अशा गांवीं दारांतली जुनी मोटार ही केवळ हौसेची वस्तु नसते. अवेळीं आजारी माणसास नांदेडच्या इस्पितळांत न्यावयाचें, तर भरवसा तिच्यावरच. म्हणून लाख-सव्वा लाख किलोमीटर धांवलेल्या मोटारीनें एके दिवशीं निळसर धूर सोडला, कीं घरांत चिंता उत्पन्न होते. कोणी म्हणतो, इंजिनाचें काम काढा. कोणी म्हणतो, दाट ऑइल टाका. हल्लीं तिसराही सल्ला मिळतो: पुष्कळ धांवलेल्या गाड्यांसाठीं निराळें ऑइल निघालें आहे, तें वापरून पाहा. या सल्ल्यांत तथ्य किती, हें इंजिन म्हातारें कसें होतें तें पाहिल्यावांचून कळणार नाहीं.

चालत्या इंजिनांतील ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापलेलें असतें. वर्षानुवर्षें त्या उष्णतेंत राहून रबरी सीलें कडक होतात, आकसतात आणि त्यांच्या कडेनें ऑइल पाझरूं लागतें. व्हॉल्व्हचीं सीलें अशीं झालीं, म्हणजे ऑइल वरून सिलिंडरांत उतरून जळतें. दुसरीकडे पिस्टनच्या खाचांत कार्बन बसून रिंगा अडकतात, आणि खालचें ऑइल वर चढतें. निळा धूर तो हाच.

2000 सालीं व्हॉल्व्होलीन या अमेरिकन कंपनीनें 75,000 मैलांहून, म्हणजे सुमारें 1,20,000 किलोमीटरांहून, अधिक धांवलेल्या गाड्यांसाठीं 'मॅक्सलाइफ' हें ऑइल बाजारांत आणलें. पुढें इतरांनींही तशीं ऑइलें काढलीं. त्यांत सीलांसाठीं विशिष्ट द्रव्यें असतात. तीं रबरांत मुरतात. रबर किंचित् फुगतें व पुन्हां मऊ होतें. कार्बन व गाळ हळूहळू सोडविणारीं द्रव्यें आणि झीज रोखणारीं जस्ताचीं संयुगें सामान्य ऑइलांतही असतात. येथें त्यांवर अधिक भर दिलेला असतो. मूळ तेलही बहुधा सहज न उडून जाणारें निवडतात.

परंतु हें औषध म्हातारपणाचें आहे, मोडलेल्या हाडाचें नव्हे. फाटलेलें सील, तुटलेली रिंग वा झिजलेला सिलिंडर कोणत्याही ऑइलानें पूर्ववत् होत नाहीं. मनास येईल तितकें दाट ऑइल ओतणेंही हिताचें नाहीं. पहांटे गाडी सुरू करतांना तें वरच्या भागांपर्यंत उशिरां पोंचतें, आणि त्या क्षणीं झीज अधिक होते. कंपनीच्या पुस्तिकेंत दिलेला ग्रेड सोडूं नये. डिझेल इंजिनास डिझेलसाठींच प्रमाणित केलेलें ऑइल द्यावें.

म्हणून आधीं निदान व्हावें. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करतांच निळा धूर येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलांचा संशय घ्यावा; जोर देतांना तो सतत येत असेल, तर रिंगांचा. पेट्रोल इंजिन असेल, तर मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचें कॉम्प्रेशन मोजून घ्यावें. तें कमी भरल्यास थोडें ऑइल आंत सोडून पुन्हां मोजतात. आंकडा वाढला, तर दोष बहुधा रिंगांचा वा सिलिंडरचा, न वाढला, तर व्हॉल्व्हचा. कॉम्प्रेशन चांगलें असून केवळ पाझर वा किरकोळ धूर असेल, तर नवें ऑइल वापरून पाहण्यास हरकत नाहीं. त्याचा गुण मात्र हजारों किलोमीटरांनंतर दिसेल.

तोंवर दर आठवड्यास सपाट जागीं, इंजिन निवल्यावर, ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल खालच्या खुणेखालीं गेलेलें असतां दूरचा प्रवास केला, तर बेअरिंगें जळून क्रँक निकामी होण्याचें भय असतें. मग स्वस्तांतील काटकसर इंजिनाच्या किमतीस पडते. वृद्ध इंजिनास महाग ऑइलाइतकीच नियमित नजरेची गरज असते. ती नजर असेल, तर अडीअडचणीच्या रात्रीं जुनी मोटारही घरच्यांना नांदेडपर्यंत सुखरूप नेते.